पितरपाखातलं खरेदीखत

पेणच्या मूर्तींच्या कारखान्यात वर्ष गणपतीला संपतं. भिंतीवरच्या कॅलेंडरला डिसेंबरपर्यंत पानं असतात, पण ती उलटायची आमच्याकडे कोणाला गरज वाटत नाही. संकष्ट्या मोजत मोजत चतुर्थीपर्यंत यायचं, शेवटचे टेम्पो भरून द्यायचे आणि मग तोंडावर पदर घेऊन दोन दिवस झोपायचं. माझे असे अठरा गणपती झाले. माझं काम आखणीचं. मूर्तीला रंग लागला की सगळ्यात शेवटी डोळे काढायचे, बुबुळं, भुवया, पापणीची बारीक रेघ. हात हलला तर चांगली मूर्ती तिरळी होते. माझा हात हलत नाही. माझ्या स्वभावाबद्दल घरात कोणी फारसं चांगलं बोलणार नाही, पण हाताबद्दल बोलतात.

मजुरीची रीतही आमची वेगळी. वर्षभर लागेल तशी थोडी थोडी उचल घ्यायची आणि अनंत चतुर्दशी झाली की उरलेले पैसे एकदम. पूर्वी ते पाकिटातून मिळायचे, आता खात्यात येतात. म्हणजे सगळ्यांची दिवाळी दिवाळीत आणि आमची विसर्जनानंतर. त्या चार दिवसांत कारखान्यातली प्रत्येक बाई स्वतःला श्रीमंत समजते, मीसुद्धा.

तेव्हा आम्ही रोह्याला पुलापलीकडे अष्टमी गावात भाड्यानं राहत होतो. मी, नवरा आणि सासू. नवरा रोह्याच्या एका कंपनीत ऑपरेटर, तीन शिफ्टमध्ये फिरणारा. मी रोज एसटीनं नागोठण्यावरून पेणला जायची आणि संध्याकाळी त्याच रस्त्यानं परत. सासूला मी आई म्हणते आणि एकेरीत बोलते, आमच्याकडे तसंच चालतं. ती मूळची पेणच्या खाडीकाठची, मिठागरावर काम केलेली. तळपायाला मिठानं पडलेल्या भेगा अजून बुजलेल्या नाहीत. ती फार बोलत नाही, आणि मी बोलायची थांबत नाही, त्यामुळे आमचं बरं जमतं.

भाड्याच्या घराचा करार अकरा महिन्यांचा असतो. बारावा महिना आला की मालकाला काहीतरी आठवतं. कोणाचा पुतण्या मुंबईहून परत येणार असतो, कोणाला रंग काढायचा असतो, कोणाला नुसतंच भाडं वाढवायचं असतं. माझ्या लग्नानंतर आम्ही सात घरं बदलली. आईनं त्याआधी किती बदलली ते तिलाच ठाऊक. ती नव्या खोलीत कधी भिंतीला खिळा ठोकू द्यायची नाही. म्हणायची, "कशाला भोक पाडतंस गो? जाताना बुजवायला लागतं."

स्वतःचं घर घ्यावं असं आम्हाला वाटत नव्हतं असं नाही. नवरा कायम झाल्यावर एक दिवस आम्ही बँकेत जाऊन आलो. साहेबानं पगाराच्या चिठ्ठ्या पाहिल्या, हप्ता काढून दाखवला. हप्ता आमच्या भाड्यापेक्षा थोडाच जास्त होता. मी तिथंच उठून नाचायची बाकी होते. मग तो म्हणाला, "किमतीच्या शंभरातले ऐंशी आम्ही देऊ. वीस तुमचे आधी दिसले पाहिजेत. डाऊन पेमेंट." आणि आमचा चहा गार झाला.

हे त्या दिवशी मला पहिल्यांदा नीट कळलं. इतकी वर्षं आम्ही एक दिवस न चुकता भाडं भरत होतो. हप्ताही भरला असता. अडत होतं ते फक्त दाराशी. आत गेलेल्या माणसाला पुढं चालता येतं, पण उंबऱ्याशी जे एकरकमी ठेवावं लागतं तेवढंच आमच्यासारख्यांकडे कधी एका वेळी नसतं. आणि ते नाही म्हणून आयुष्यभर दुसऱ्याच्या घराचा हप्ता भरत राहायचं. मला याचा इतका राग आला की घरी येऊन मी भाकरी करपवली.

बरं, पैसे साठवायचा प्रयत्न केला नाही का? केला. दोन वर्षं केला. दोन्ही वर्षी विसर्जनानंतर रक्कम हातात आली आणि दोन्ही वर्षी लगेच पितृपंधरवडा लागला. आमच्याकडे त्याला पितरपाख म्हणतात, नाहीतर म्हाळाचे दिवस. त्या पंधरा दिवसांत कोणी सोनं घेत नाही, गाडी घेत नाही, घराचा तर विषयच काढत नाही. मग घटस्थापनेनंतर बघू, दसऱ्याला बघू. आणि मोकळे पैसे पंधरा दिवस घरात आहेत हे नातेवाइकांना कसं कळतं देव जाणे. पहिल्या वर्षी दिराच्या लग्नाला गेले, दुसऱ्या वर्षी नवऱ्याच्या पायाच्या ऑपरेशनला. गेले त्याबद्दल तक्रार नाही. पण दसऱ्याला बघायला काही उरलं नाही.

अशात अष्टमीतल्या वखारवाल्या चाचांबद्दल कळलं. लाकडाची वखार, पांढरी दाढी, डोळ्यांवर जाड चष्मा. उमेदीची वर्षं त्यांनी आखातात काढली होती. परत आल्यावर त्यांच्यासारख्याच चारपाच जणांनी मिळून एक निधी सुरू केला होता, पेण आणि रोहा तालुक्यात भाड्यानं राहणाऱ्यांसाठी. जात-धर्म कोणताही चालायचा. पहिलंच घर असलं पाहिजे आणि स्वतः राहायला पाहिजे, एवढंच. डाऊन पेमेंटमधला अर्धा भाग निधी देणार, अर्धा आपण उभा करायचा. निधीच्या पैशावर व्याज नाही. घर विकलं तरच ते परत करायचे. राहत राहिलात तर कोणी मागायला येणार नाही.

मला खरंच वाटलं नाही. फुकट काही मिळतंय म्हटलं की माझा पहिला विचार पोलिसांचा असतो. मी वखारीत जाऊन उभ्या उभ्या विचारलं, "यात तुमचा काय फायदा?"

चाचा हसले. म्हणाले, "माझ्या वालिदांनी जन्मभर भाडं भरलं. मेले त्या दिवशी मालकानं माझ्या आईला विचारलं, खोली कधी सोडता? तेव्हा मी मस्कतला होतो. माझ्याकडं पैसे होते, पण पोचायला चार दिवस लागले." मग कागद पुढं सरकवून म्हणाले, "घर तुझ्या नावावर करायचं. बाईच्या नावावर असलं की सरकार पण मुद्रांकात सूट देतं. आणि बाईला मग कोणी विचारत नाही, कधी सोडता."

अर्ज भरला. निधीची दोन माणसं घर बघून गेली, म्हणजे आमची भाड्याची खोली बघून गेली. जुलैच्या सात तारखेला मंजुरीचं पत्र आलं. तीन महिन्यांत, ऑक्टोबरच्या सात तारखेच्या आत खरेदीखत नोंदवायचं, नाहीतर रक्कम यादीतल्या पुढच्या नावाला. त्या वर्षी अधिक महिना असल्यामुळे गणपती सप्टेंबरच्या उत्तरार्धात होते. मी बोटांवर मोजलं. अठ्ठावीसला विसर्जन, दोन तारखेपर्यंत कारखान्याचे पैसे, मग पाच दिवस हातात. मी चाचांना म्हटलं, "तारीख एकदम बरोबर आहे."

आता कोणीही म्हणेल, की बाई, विसर्जनानंतर काय येतं ते तुला माहीत नव्हतं का? माहीत होतं. आधीच्या दोन वर्षी त्याच पंधरवड्यानं माझं घर खाल्लं होतं. पण आखणीच्या हंगामात माणूस चतुर्थीच्या पलीकडचं बघतच नाही. मी विसर्जनापर्यंत मोजलं आणि कॅलेंडरचं पान उलटलंच नाही. ही चूक फक्त पेणमध्येच होऊ शकते, आणि तिथंही फक्त माझ्यासारख्या शहाणीकडून.

घर मिळालं ते पेणला, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्यावर. जुनी पण चांगली बिल्डिंग, दुसरा माळा, एक खोली, स्वयंपाकघर आणि छोटी गॅलरी. विकणारे गृहस्थ मुलाकडे पनवेलला राहायला जाणार होते. नवऱ्याची कंपनीची बस पेणपर्यंत येते आणि माझा कारखाना तिथून चालत दहा मिनिटांवर. आईला मी घर दाखवायला नेलं तेव्हा ती गॅलरीत बराच वेळ उभी राहिली. लांब, दोन इमारतींच्या मधून, खाडीकडची सपाटी दिसत होती. ती म्हणाली, "वारा खारा हाय." त्यापेक्षा जास्त कौतुक ती कशाचंच करत नाही. म्हणून मी समजले की घर तिला आवडलं. आणि खरं सांगायचं तर ते घर मला तिच्यासाठीच हवं होतं. मी अजून वीस वर्षं बोचकी बांधली असती. तिच्याच्यानं आता ते होत नव्हतं.

पैसे दोन तारखेला खात्यात आले. मी एसटीतून उतरले तीच पेढे घेऊन. आईच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हटलं, "शुक्रवारी खरेदीखत."

तिनं पेढा परत पुड्यात ठेवला. "म्हाळ चालू झालं नाय का?"

मी दारातच उभी राहिले. पायातली चप्पलसुद्धा काढली नव्हती. डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं, सात तारीख, अमावस्या चौदाला, घटस्थापना पंधराला.

"आई, तारीख निघून जाईल गं."

"जाऊ दे. पितरपाखात घराचा कागद करायचा नाय. केलास तर मी त्या घरात पाय ठेवनार नाय."

ती हे ओरडून म्हणाली नाही. तिनं चुलीवरचं दूध उतरवलं आणि भांडं झाकलं.

दुसऱ्या दिवशी सुट्टी टाकून मी वखारीत गेले. चाचांना सगळं सांगितलं, आठ दिवस वाढवून मागितले. फक्त आठ दिवस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बघ बेटी, मला तुमचा पंधरवडा ठाऊक नव्हता. तारीख सांगितली तेव्हा तू बोलायला पाहिजे होतं. आमचे रमजान-मोहरमचे महिने तर दरवर्षी मागं मागं सरकतात, तरी आम्ही इथं तारखेनंच चालतो."

"चूक माझी. कबूल. पण आठ दिवसांनी काय बिघडतंय?"

त्यांनी वही उघडली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "हे पुढचं नाव. खांब गावाजवळच्या वाडीवरची बाई आहे. वीटभट्टीवर जन्म गेला तिचा. गावात दोन खोल्या बघून ठेवल्यात, तिच्या वाटचा अर्धा भाग कधीचा जमवून बसलीय. आठ तारखेला ती इथं येऊन उभी राहणार. तुला आठ दिवस दिले तर तिला मी काय सांगू?"

त्या बाईला मी ओळखत नव्हते, पण आठ तारखेला वखारीच्या दारात ती कशी उभी असेल ते मला दिसत होतं, कारण मी तशीच उभी होते. मी चाचांना म्हटलं, "काही नका सांगू. मी बघते." आणि वखारीतून परत येताना मी स्वतःवर, कॅलेंडरवर, चाचांवर आणि सगळ्यात जास्त आईवर चिडले.

घरी आले ती भांडायचं ठरवूनच. आई तांदूळ निवडत बसली होती. मी सुरुवात केली, आणि एकदा मी सुरुवात केली की मला थांबवणारा अजून जन्मायचा आहे. सात घरं बदलली ती काय कमी होती का, चांगल्या मुहूर्तावर राहायला गेलो त्या प्रत्येक घरातून हाकललंच ना, मेलेल्या माणसांना त्रास होऊ नये म्हणून जिवंत माणसांनी रस्त्यावर यायचं का. बोलता बोलता मी म्हणाले, "तुझ्या या म्हाळांनी आमचं दोनदा घर बुडवलंय."

तिचा हात सुपात थांबला.

"माझं बी बुडवलंय," ती म्हणाली.

आणि मग तिनं सांगितलं. माझ्या लग्नाला तेव्हा पंधरा वर्षं झाली होती, तरी मला हे कोणी सांगितलं नव्हतं. मिठागराशेजारी सासऱ्यांची थोडी जागा होती. कुडाचं घर मोडून विटांचं बांधायचं त्यांच्या मनात होतं. गवंडी परवडत नव्हता. पितरपाखात कोणी बांधकाम काढत नाही, म्हणून त्या दिवसांत गवंडी मोकळा होता आणि कमी पैशांत यायला तयार झाला. सासऱ्यांच्या आईनं नको म्हटलं. त्यांनी ऐकलं नाही, पाया खणला, भिंती छपरापर्यंत आणल्या. पुढच्या पावसात उधाणाला खाडीचा बांध फुटला. खारं पाणी शेतात आलं, घरात आलं, आणि महिनाभर गेलंच नाही. मातीच्या गाऱ्यात रचलेल्या भिंती खालून विरघळल्या. सासरे सगळं सोडून रोह्याला वॉचमन म्हणून लागले आणि भाड्याच्या खोलीतच गेले.

"मरताना मला म्हनले, आयचं ऐकायला पायजे व्हतं," आई म्हणाली. "शेवटचं तेवढंच बोलले."

मी तिच्यासमोर बसले. आता मला गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, खाडीला म्हाळ कळत नाही. बांध जुना होता, तो फुटला."

"खाडीला नाय कळत," ती म्हणाली. "मानसाला कळतं. त्यांना कळत व्हतं, तरी केलं. त्यानंच त्यांना खाल्लं गो." आणि ती पुन्हा तांदूळ निवडायला लागली.

रात्रपाळीला जाण्याआधी नवऱ्यानं डबा उचलला आणि म्हणाला, "तू ठरवशील ते." गेली पंधरा वर्षं तो हे वाक्य वापरतो, कंपनीतून मिळालेल्या बुटांसारखं. मी म्हटलं, "तुझी आई, तुझा बाप, तुझी खाडी, आणि ठरवायचं मी?" त्यानं दारात डबा पिशवीत घातला. मग म्हणाला, "मी ठरवलं तर मला ते बाबांसारखं आयुष्यभर लागून राहील. तुला नाही लागणार." मला रागवायचं होतं, पण तो बिचारा खरं बोलत होता.

मी दोन दिवस विचार केला. थांबले तर घर जाणार हे नक्की होतं. पुन्हा अर्ज, पुन्हा यादी, पुन्हा गणपती, आणि पुन्हा हाच पंधरवडा. घेतलं तर घर येणार आणि ज्या माणसासाठी घ्यायचं ते माणूसच येणार नाही. मी आईला शेवटचं सांगितलं, "शुक्रवारी आम्ही पेणला जातोय. तू म्हणालीस तर नाही जाणार." ती 'जा' म्हणाली नाही, 'नको' पण म्हणाली नाही. सकाळी आमचे डबे मात्र भरलेले होते.

पेणच्या दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एरवी एका सहीला अख्खा दिवस जातो. त्या दिवशी बाक रिकामे होते. पंखा फिरत होता आणि कारकून चहात पाव बुडवून खात होता. आम्हाला बघून त्याला आश्चर्य वाटलं. "या दिवसांत कोणी येत नाही," तो म्हणाला. विकणारे गृहस्थ हसत म्हणाले, "घेणाऱ्याला दिवस असतात, विकणाऱ्याला काय!" बँकेचा माणूस त्याच्या हिश्शाचा ड्राफ्ट घेऊन आला होता. चाचा स्वतः आले होते, निधीचा चेक प्लास्टिकच्या पिशवीत घालून. आमची रक्कम त्या सकाळीच गेली होती. तिन्हींचे कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले, तेव्हा मी पाहिलं की निधीचा चेक केवढा लहान होता. आमच्या रकमेएवढाच. बँकेच्या आकड्यापुढं अगदी किरकोळ. पण तो नसता तर बाकीचे दोन्ही कागद तिथं आलेच नसते.

कारकुनानं सही करायला सांगितलं. मी पेन धरलं आणि माझा हात हलायला लागला. अठरा वर्षांत कधी हलला नव्हता. मी घाबरले होते. खाडी, बांध, सासऱ्यांचं शेवटचं वाक्य, सगळं त्या पेनाच्या टोकाशी येऊन बसलं होतं. चाचांना ते दिसलं असावं. ते म्हणाले, "बस जरा. पाणी पी. घाई नाही, पाच वाजेपर्यंत कचेरी उघडी आहे." मी पाणी प्यायले आणि सही केली. बँकेतल्या सहीशी ती जुळत नाही असं कारकून म्हणाला, म्हणून दुसऱ्यांदा केली. मग अंगठा, फोटो. फोटोत मी चोरी करून पकडल्यासारखी दिसते. वीस मिनिटांत घर माझ्या नावावर झालं आणि गृहस्थांनी किल्ल्या माझ्या हातात दिल्या.

घरी आल्यावर मी किल्ल्यांचा जुडगा फळीवर ठेवला. आईनं तो पाहिला. पुढचे सातआठ दिवस घरात नेहमीसारखा स्वयंपाक झाला, नेहमीसारखी धुणी वाळली, आणि त्या किल्ल्यांबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. मला भांडता येतं, असं थांबता येत नाही. मला सारखं वाटत होतं की मी घर घेतलं आणि आई घालवली. एसटीत नागोठण्याच्या पुढं एकदा मला रडूसुद्धा आलं. शेजारच्या बाईनं विचारलं तर मी डोळ्यांत रंग गेला म्हणून सांगितलं.

सर्वपित्रीच्या दिवशी सकाळी मला जाग आली ती वड्यांच्या वासानं. आईनं खीर केली होती, वडे, भोपळ्याची भाजी, वरणभात, सगळं. म्हाळाचं पान आम्ही दरवर्षी नदीवर नेऊन ठेवायचो, कारण भाड्याच्या घरांत मालक गच्चीवर ठेवू देत नाहीत. कावळे घाण करतात म्हणतात. मी नदीवर जायची पिशवी काढली.

"ती नको," आई म्हणाली. "चावी घे."

मला कळेना. "कुठली?"

"पेनची. मी म्हनलंय तिथं राहायला पाय ठेवनार नाय. राहायला नाय चालली. जेवायला घालायला चालली." मग म्हणाली, "राहायचं उद्या बघू. उद्या घट बसतात."

एसटीत ती जेवणाचा डबा मांडीवर धरून बसली होती. मी तिला काही विचारलं नाही, आणि हे मला किती जड गेलं ते तिलाही माहीत होतं. नागोठण्याला खिडकीतून बाहेर बघत ती आपण होऊनच बोलली. "तू सई करायला गेलीस त्या दिवसापासून इचार करतंय. हे सगळे दर वर्षाला याच दिवसात येतात. येऊन बघतात, आपली मानसं कशी हायेत. त्यांच्यासमोर घर घेतलं तर त्यांना वाईट का वाटंल? त्यांना तर एवढंच पायजे व्हतं." मग म्हणाली, "पन पक्कं नाय माहीत गो. जाऊन बघायला पायजे."

रिकाम्या घरात आमचे आवाज घुमत होते. तिनं गॅलरीत पाणी शिंपडलं, केळीचं पान मांडलं, सगळं वाढलं. आम्ही दोघी दाराशी उभ्या राहिलो. कावळा आला नाही. अर्धा तास झाला, वायरीवर एक बसला होता तोसुद्धा उडून गेला. मी आईकडे बघायचं टाळत होते.

ती मात्र घाबरलेली दिसत नव्हती. ती गॅलरीच्या कठड्याशी गेली, खाडीच्या बाजूला तोंड केलं, आणि फोनवर लांबच्या नातेवाइकाला सांगतात तशा मोठ्या आवाजात बोलायला लागली.

"अवो, दर अकरा म्हयन्याला घर बदललं, तुमाला कुठं कुठं शोधायला लागलं आसंल. आता नीट आइका. पेनला उतरायचं. टेसनाच्या रस्त्याला यायचं. जिना चढून दुसरा माळा, उजव्या हाताला. घर सुनंच्या नावावर हाय. आता हितनं कोन उठवनार नाय."

मी भिंतीला टेकून रडले. तिनं मला रडू दिलं. मग तिनं पानाच्या बाजूला जमिनीवर बसून डब्यातलं उरलेलं दोन ताटांत वाढलं, आणि आम्ही तिथंच गॅलरीत बसून जेवलो.